किंग स्ट्रीटची शिस्त

१९२७ साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये एका खासदाराने आपल्या मुलांचा नवजोत केला. सदरा-कस्तीचा तो पारशी संस्कार. मुलांची आई सॅली मार्श इंग्रज. वडील शापुरजी सकलातवाला मुंबईत जन्मलेले, जमशेटजी टाटांच्या बहिणीचे चिरंजीव. घरच्या सोहळ्यात बाहेरच्यांनी तोंड घालण्याचे खरे तर कारण नव्हते. पण सकलातवाला हे उत्तर बॅटरसीतून निवडून आलेले, ब्रिटिश संसदेतले कम्युनिस्ट पक्षाचे एकुलते एक सदस्य होते. पक्षाने त्यांना जाहीरपणे खडसावले.

आदल्याच वर्षी, सार्वत्रिक संपाच्या वेळी, हाइड पार्कमधल्या एका भाषणापायी ते दोन महिने तुरुंगात जाऊन आले होते. ती पुण्याई इथे कामाला आली नाही. सकलातवालांनी बोलणी ऐकून घेतली आणि १९३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पक्षातच राहिले. ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षात शिस्त कशी चालत असे, याचा हा चांगला नमुना आहे. नेता कितीही मोठा असला तरी त्याचे खासगी असे काही उरत नाही, ही त्यातली एक गोष्ट. खडे बोल ऐकलेला माणूस तरीही पक्ष सोडत नाही, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा उलगडा होणे जास्त कठीण आहे.

पक्ष स्थापन झाला १९२० मध्ये, लंडनच्या कॅनन स्ट्रीट हॉटेलात. जमलेली मंडळी जुन्या समाजवादी गटांमधली, कोपऱ्याकोपऱ्यावर सभा गाजवणारी, वादविवादावर पोसलेली. त्याच उन्हाळ्यात मॉस्कोमध्ये कम्युनिस्ट इंटरनॅशनलने, म्हणजे कॉमिन्टर्नने, सामील होऊ इच्छिणाऱ्या पक्षांसाठी २१ अटी मंजूर केल्या. पोलादी शिस्त ही त्यातली एक अट होती. कॉमिन्टर्नचे निर्णय प्रत्येक देशातल्या पक्षावर बंधनकारक राहतील, ही दुसरी. इंग्रज समाजवाद्यांच्या सैल संसाराला या अटी मानवणाऱ्या नव्हत्या. दोन वर्षे गेली तरी पक्षाचा कारभार जुन्याच वळणावर चालला होता, तेव्हा १९२२ मध्ये तिघांची एक समिती नेमली गेली.

त्या तिघांपैकी दोघांनी पुढची चाळीस वर्षे हा पक्ष घडवला. हॅरी पॉलिट हे लँकेशरच्या ड्रॉयल्सडेन गावचे बॉयलर बनवणारे कामगार. आवाज खणखणीत, माणसे जोडण्याची हातोटी, विनोदाची समज. रजनी पाम दत्त केंब्रिजला जन्मलेले, बंगाली डॉक्टरांचे आणि स्वीडिश आईचे पुत्र, ऑक्सफर्डचे हुशार विद्यार्थी, थंड डोक्याचे आणि धारदार लेखणीचे. तिसरे हॅरी इंकपिन, पक्षाचे सचिव आल्बर्ट इंकपिन यांचे भाऊ. समितीने अहवाल दिला तो बॅटरसीच्या अधिवेशनात १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये मान्य झाला. यापुढे नुसते सभासद असून भागणार नव्हते. प्रत्येकाला नेमून दिलेले काम, त्या कामाचा हिशेब आणि वरच्या समितीचा शब्द खालच्या समितीवर बंधनकारक. निर्णय होईपर्यंत चर्चा करा, निर्णय झाला की सर्वांनी एकदिलाने तो अमलात आणा, असा हा लोकशाही केंद्रवाद. मुंबईच्या गिरणगावात लाल बावट्याखाली वाढलेल्या कार्यकर्त्यांनाही ही रीत चांगली परिचयाची होती. तिच्यातली गोम अशी की चर्चा केव्हा संपली हे वरची समितीच ठरवत असे, आणि १९४३ पर्यंत वरच्या समितीच्याही वर मॉस्को होते.

तरीही ही शिस्त केवळ वरून लादलेली होती असे म्हणणे अपुरे आहे. तिला बाहेरची कारणेही भक्कम होती. १९२५ मध्ये सार्वत्रिक संपाच्या तोंडावर सरकारने पक्षाचे बारा पुढारी पकडून तुरुंगात टाकले. पॉलिट त्यात होते. कॉव्हेंट गार्डनमधल्या १६, किंग स्ट्रीट या मुख्य कचेरीवर गुप्तचरांचा डोळा आणि कान दोन्ही होते. १ जानेवारी १९३० ला ‘डेली वर्कर’ हे पक्षाचे दैनिक सुरू झाले, तेव्हा वृत्तपत्रांच्या घाऊक वितरकांनी त्याच्यावर बहिष्कार घातला आणि तो १९४२ पर्यंत टिकला. त्यामुळे पहाटे रेल्वे स्टेशनवर जाऊन गठ्ठे उतरवायचे, कारखान्याच्या फाटकावर ते विकायचे आणि मग स्वतःच्या पाळीला हजर व्हायचे, हे काम सभासदांनी अंगावर घेतले. वर्षानुवर्षे पहाटे उठून दुसऱ्यासाठी ओझी वाहणारी माणसे पक्षाला सहजासहजी सोडत नाहीत. सभासद-कार्डावर वर्गणीची तिकिटे चिकटवणारा खाणकामगार आणि शिंपीकाम करणारी पूर्व लंडनमधली ज्यू बाई यांना आयुष्यात पहिल्यांदा आपण एका मोठ्या कामाचे भागीदार आहोत असे वाटत होते. ती भावना खरी होती. तिचा अनादर करून या माणसांचा इतिहास लिहिता येणार नाही.

याच शिस्तीने फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे तरुण मुंबईला आले. पक्षाने सांगितले, ते बोटीत बसले. १९२८ चा गिरण्यांचा प्रचंड संप त्यांनी डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर या इथल्या कामगार पुढाऱ्यांच्या बरोबरीने पाहिला, आणि मार्च १९२९ मध्ये त्याच मंडळींबरोबर पकडले जाऊन मीरत कटाच्या खटल्यात ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. खटला चार वर्षे रखडला. सुटून इंग्लंडला परतलेल्या ब्रॅडलींनी १९३६ मध्ये दत्त यांच्यासोबत एक निबंध लिहिला आणि भारतातल्या कम्युनिस्टांनी काँग्रेसबरोबर संयुक्त आघाडी करावी असे त्यात मांडले. ‘दत्त-ब्रॅडली थीसिस’ या नावाने तो इथल्या डाव्या वर्तुळात वर्षानुवर्षे चर्चिला गेला. लंडनच्या पक्षाचा शब्द मुंबईपर्यंत कसा पोहोचत असे, ते त्यावरून कळते.

१९२८ मध्ये कॉमिन्टर्नने ‘वर्गाविरुद्ध वर्ग’ ही लाइन दिली. मजूर पक्ष हाही शत्रूच, असा तिचा अर्थ. ब्रिटिश पुढाऱ्यांपैकी बरेच जण कचरत होते, तेव्हा १९२९ मध्ये त्यांची नेतृत्वातून गच्छंती झाली, आल्बर्ट इंकपिन सचिवपदावरून गेले आणि पॉलिट सरचिटणीस झाले. सार्वत्रिक संपानंतर सभासदसंख्या दहा हजारांच्या वर गेली होती; १९३० मध्ये ती अडीच हजारांच्या आसपास उरली. लाइन चुकीची ठरत आहे हे आकडेच सांगत होते. पण ती बदलली मॉस्कोत बदलली तेव्हाच.

रोझ कोहेन हे नाव पक्षाच्या जुन्या मंडळींना बोलायला जड जात असे. लंडनची ही बुद्धिमान, देखणी तरुणी पक्षाच्या संस्थापक पिढीतली. पॉलिट तिच्यावर जीव टाकत होते. तिने लग्न केले ते कॉमिन्टर्नचे ब्रिटनमधले प्रतिनिधी डेव्हिड पेट्रोव्स्की यांच्याशी आणि ती मॉस्कोला राहायला गेली. १९३७ मध्ये आधी पतीला पकडले, मग तिला. दोघांनाही गोळ्या घातल्या गेल्या. पॉलिट यांनी मॉस्कोत खासगीत विचारणा केली, आणि त्यामुळे ते स्वतः तिथे संशयाच्या भोवऱ्यात आले. लंडनमध्ये मात्र पक्षाने जाहीरपणे निषेधाचा एक शब्द काढला नाही. आपल्याच सभासद स्त्रीसाठी पक्ष गप्प बसला, आणि जिच्यावर आपण प्रेम केले तिच्यासाठी त्याचा सरचिटणीस गप्प बसला. शिस्तीने घेतलेल्या किमतींमध्ये याहून मोठी किंमत शोधावी लागेल.

दोन वर्षांनी पॉलिट यांचीच पाळी आली.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. स्पेनच्या युद्धात पक्षाने आपली तरुण माणसे गमावली होती. फॅसिझमशी लढाई हा पॉलिट यांच्यासाठी पुस्तकी विषय नव्हता. ‘युद्ध कसे जिंकावे’ अशा मथळ्याची त्यांची एक पेनी किमतीची पुस्तिका सप्टेंबरच्या मध्याला बाहेर पडली. दोन आघाड्यांवर लढायचे, हिटलरशीही आणि ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांच्याशीही, ही तिच्यातली भूमिका. महिन्याच्या अखेरीस मध्यवर्ती समितीची बैठक चालू असतानाच पक्षाचे मॉस्कोतले प्रतिनिधी डेव्ह स्प्रिंगहॉल तिथून येऊन थडकले. त्यांनी निरोप आणला की हे साम्राज्यवाद्यांचे आपसातले युद्ध आहे आणि कम्युनिस्टांनी त्याला पाठिंबा देता कामा नये. स्टालिनने ऑगस्टमध्ये हिटलरशी करार केला होता, त्याचा हा पुढचा अंक.

बैठक पुन्हा २ आणि ३ ऑक्टोबरला भरली. दत्त यांनी नवी लाइन मांडली. त्यांचा आग्रह नुसत्या होकाराचा नव्हता. मनात शंका ठेवून हात वर करणारा माणूस पुढारी म्हणून चालणार नाही, लाइन मनापासून पटली पाहिजे, असे त्यांनी बजावले. एकामागून एक सदस्य उठत होते आणि दोन आठवड्यांपूर्वीच्या आपल्याच मताला मुरड घालत होते. कोणी सोव्हिएत संघावरच्या विश्वासाचा दाखला दिला, कोणी आत्मटीका केली. पॉलिट यांनी मात्र आपल्याला हे पटत नाही असे स्पष्ट सांगितले. फॅसिस्टांचा पराभव व्हावा यापलीकडे त्यांना दुसरे काही दिसत नव्हते. त्यांच्या बाजूने उभे राहिले दोघे. एक खासदार विली गॅलकर. दत्त, स्प्रिंगहॉल आणि समितीतलेच बिल रस्ट यांच्या वागण्यावर ते भयंकर चिडले होते. दुसरे ‘डेली वर्कर’चे संपादक जॉन रॉस कॅम्बेल. पहिल्या महायुद्धात दोन्ही पाय जायबंदी होऊन शौर्यपदक मिळवलेला हा स्कॉट माणूस मोजके आणि तर्काला धरून बोलत असे. मतदान झाले. २१ विरुद्ध ३.

पॉलिट सरचिटणीसपदावरून गेले. कॅम्बेल यांच्याकडून दैनिक काढून घेतले गेले. कारभार दत्त, रस्ट आणि स्प्रिंगहॉल या तिघांच्या हाती आला. इतर कोणत्याही पक्षात पॉलिट यांनी राजीनामा फेकला असता, स्वतःचा गट उभा केला असता. जनमत त्यांच्या बाजूचे होते आणि लोकप्रियतेत पक्षात त्यांच्या जवळपास कोणी नव्हते. त्यांनी चूक कबूल करणारे लेखी निवेदन दिले आणि लँकेशरमध्ये पक्षाचे प्रचारक म्हणून काम पत्करले. त्या काळात त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. या माणसाला धाकाने वाकवले असे म्हणता येत नाही, कारण ब्रिटनमध्ये पक्ष त्यांना काहीच करू शकत नव्हता. पक्षाबाहेर आपण कोण, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांची ओळख, मित्र, बायको, भाकरी, सगळे पक्षातच होते.

२२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर हल्ला केला. काही दिवसांत लाइन फिरली, पॉलिट पुन्हा सरचिटणीस झाले आणि दत्त पुन्हा त्यांच्या शेजारी बसून लिहू लागले. दीड वर्षाहून अधिक काळ चुकीचे म्हणून हिणवलेले मत आता पक्षाचे अधिकृत मत होते. पॉलिट यांची कोणी माफी मागितल्याची नोंद नाही. १९४२ मध्ये सभासदसंख्या सुमारे ५६ हजारांवर गेली, पक्षाच्या इतिहासातली सर्वांत मोठी. त्याच वर्षी भारतात याच कलाटणीचे चटके बसले. ‘छोडो भारत’च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातले कम्युनिस्ट युद्धाला पाठिंबा देणारी ‘लोकयुद्धा’ची लाइन घेऊन लोकांपुढे गेले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे शिव्याशाप त्यांनी झेलले. मनातून न पटलेलेही अनेक जण त्यात होते. पक्षाचा आदेश म्हणून ते सभा घेत राहिले.

कॉमिन्टर्न १९४३ मध्ये विसर्जित झाली. आता निरोप घेऊन येणारा कोणी उरला नव्हता, पण सवयी हाडीमाशी खिळल्या होत्या. नव्या कार्यकारिणीसाठी नावांची शिफारस-यादी जुन्याच कार्यकारिणीच्या देखरेखीखाली तयार होई आणि अधिवेशन ती बहुतांशी जशीच्या तशी निवडून देई. एका शाखेने दुसऱ्या शाखेशी परस्पर राजकीय पत्रव्यवहार केला तर ती गटबाजी. तक्रार करायची तर आपल्या शाखेत, शाखेने जिल्ह्याला सांगायचे, जिल्ह्याने किंग स्ट्रीटला. वर जाणारा जिना प्रत्येकाला मोकळा होता, पण शेजारच्या खोलीचे दार बंद होते.

हे दार १९५६ मध्ये फोडले गेले, आणि ते फोडणारे इतिहासकार होते. फेब्रुवारीत ख्रुश्चेव्हने मॉस्कोच्या बंद सभेत स्टालिनच्या अत्याचारांचा पाढा वाचला. पॉलिट, दत्त आणि सहायक सरचिटणीस जॉर्ज मॅथ्यूज त्या अधिवेशनाला पाहुणे म्हणून गेले होते, पण या सभेला परदेशी पाहुण्यांना प्रवेश नव्हता. भाषण फुटले आणि सभासद हादरले. दत्त यांनी ‘लेबर मंथली’ या आपल्या मासिकात या अपराधांची तुलना सूर्यावरच्या डागांशी केली. त्यावर वाचकांच्या संतापाचा इतका भडका उडाला की पुढच्याच महिन्यात त्यांना सूर मवाळ करावा लागला. पॉलिट यांनी मे महिन्यात प्रकृतीच्या कारणाने पद सोडले आणि जॉन गोलन सरचिटणीस झाले.

यॉर्कशरमध्ये हॅलिफॅक्सला राहणारे एडवर्ड थॉम्प्सन आणि हल विद्यापीठातले जॉन सॅव्हिल यांनी पक्षाच्या पत्रिकांमधून मोकळी चर्चा व्हावी म्हणून आधी रीतसर प्रयत्न केले. थॉम्प्सन यांचा एक लेख छापला गेला, पण सोबत मॅथ्यूज यांचे कडक उत्तर. मग जुलैमध्ये दोघांनी ‘द रीझनर’ नावाची पत्रिका स्वतःच काढली. स्टेन्सिलवर टंकलेखन करायचे, यंत्राचा दांडा फिरवून पाने काढायची, जुळवायची, टाचायची, पोस्टात टाकायची. सगळे घरच्या घरी. लिहिणारे पक्षाचे, वाचणारेही बहुतेक पक्षाचेच. तिच्यात राजद्रोह नव्हता, फूट पाडण्याची हाक नव्हती. सभासदांनी एकमेकांशी थेट बोलावे एवढेच तिच्यात होते, आणि नेमके तेच नियमाबाहेर होते. आधी जिल्हा समितीने आणि मग कार्यकारिणीने पत्रिका बंद करण्यास सांगितले. सप्टेंबरमध्ये दुसरा अंक निघाला, नोव्हेंबरमध्ये तिसरा. दोघांना तीन महिन्यांसाठी निलंबित केले गेले. त्यांनी राजीनामे दिले. पॉलिट यांना जे १९३९ मध्ये जमले नव्हते ते या दोघांना जमले, याचे एक साधे कारण असे की त्यांना पक्षाबाहेर करण्यासारखे काम होते आणि पोटापाण्याची सोयही होती. पूर्णवेळ कार्यकर्त्याला ती चैन परवडत नव्हती.

तिसरा अंक निघेपर्यंत हंगेरीतल्या उठावात बुडापेस्टमध्ये रक्त सांडले होते. ‘डेली वर्कर’ने पीटर फ्रायर या तरुण बातमीदाराला हंगेरीला पाठवले. १९४९ मध्ये हंगेरीतले कम्युनिस्ट नेते लास्लो राय्क यांच्यावरच्या बनावट खटल्याचे वृत्तांकन याच फ्रायर यांनी पक्षाच्या विश्वासाने केले होते. या वेळी सरहद्द ओलांडताच माज्यारोवार या गावी सुरक्षा पोलिसांनी निःशस्त्र जमावावर गोळीबार करून मारलेल्यांची ओळीने ठेवलेली प्रेते त्यांनी पाहिली. हेच का आपण उभारले, हा प्रश्न घेऊन ते पुढे गेले. त्यांच्या पहिल्या वार्तापत्राला कात्री लागली. पुढची दोन छापलीच गेली नाहीत. त्याच उठावात बुडापेस्टच्या तुरुंगातून एडिथ बोन बाहेर पडल्या. या ब्रिटिश कम्युनिस्ट बाई १९४९ मध्ये हंगेरीतून निघण्याच्या बेतात असताना नाहीशा झाल्या होत्या आणि सात वर्षे एकांत कोठडीत होत्या. इतकी वर्षे पक्षाने त्यांचा शोध लावून धरला नव्हता.

फ्रायर यांची वार्तापत्रे दाबणारे संपादक होते जॉन रॉस कॅम्बेल. १९३९ मध्ये न पटलेल्या लाइनविरुद्ध हात वर करणारे, त्यापायी हेच संपादकपद गमावलेले कॅम्बेल. सतरा वर्षांत माणूस भित्रा झाला असे मानण्याला आधार नाही. १९३९ च्या अनुभवातून त्यांनी उलटा धडा घेतला असावा, की पक्ष एकदा डगमगला तर सगळेच संपेल. फ्रायर यांनी नोकरी सोडली, हंगेरीच्या शोकांतिकेवर घाईघाईने पुस्तक लिहिले आणि इतर वृत्तपत्रांतून पक्षावर टीका केल्याबद्दल त्यांची हकालपट्टी झाली. ‘गेब्रियल’ या नावाने वर्षानुवर्षे दैनिकाची व्यंगचित्रे काढणारे जिमी फ्रिएलही गेले. त्यांच्यामागोमाग कचेरीतली बरीच टेबले रिकामी झाली.

कार्यकारिणीने तोवर पक्षांतर्गत लोकशाहीवर एक आयोग नेमला होता. त्यावर वर्चस्व होते ते पक्षाच्याच पदाधिकाऱ्यांचे. शिस्तीची चौकशी शिस्त राबवणाऱ्यांकडेच सोपवली गेली. तिघांनी वेगळा अहवाल दिला: इतिहासकार क्रिस्टोफर हिल, पत्रकार माल्कम मॅकयुएन आणि पीटर कॅडोगन. शिफारस-यादीची पद्धत, पूर्णवेळ पदाधिकाऱ्यांचे प्राबल्य, शाखांनी परस्पर चर्चा करण्यावरची बंदी यांवर त्यांनी नेमके बोट ठेवले. १९५७ च्या ईस्टरला लंडनमधल्या हॅमरस्मिथ टाऊन हॉलमध्ये खास अधिवेशन भरले. हिल हे सभेकडून टाळ्या मिळवणारे वक्ते नव्हते. त्यांनी शांतपणे आपली बाजू मांडली. अल्पमताचा अहवाल प्रचंड बहुमताने फेटाळला गेला आणि काही आठवड्यांत हिल यांनी पक्ष सोडला. १९५६ च्या आरंभी सुमारे ३३ हजार असलेली सभासदसंख्या १९५८ पर्यंत २५ हजारांच्या आत आली. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम मात्र पक्षात राहिले. त्यांच्याही निषेधपत्राला ‘डेली वर्कर’ने जागा दिली नव्हती आणि ते बाहेरच्या साप्ताहिकांत छापावे लागले होते.

या पक्षाने आपली एक पिढी अशा प्रकारे घालवली. आणि ती पिढी साधीसुधी नव्हती. थॉम्प्सन यांचा इंग्लिश कामगारवर्गाच्या घडणीवरचा १९६३ चा ग्रंथ भारतातल्या कामगार-इतिहासाच्या अभ्यासकांनीही आपला मानला. तो लिहिणारा माणूस पक्षाला नकोसा झाला, ही घटना मोठ्या हानीची होती आणि ती टाळता येण्याजोगी होती.

पुढचे थोडक्यात. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा ब्रिटिश पक्षाने मॉस्कोचा उघड निषेध केला. बारा वर्षांपूर्वी हे घडते तर! वृद्ध दत्त यांना तो निर्णय मान्य नव्हता. बहुमतापुढे मान तुकवण्याचा नियम ज्यांनी १९२२ मध्ये घडवला तेच आता अल्पमतात होते. १९७४ मध्ये ते गेले. पॉलिट त्याआधीच, १९६० मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परतताना बोटीवरच वारले होते.

१९३९ च्या त्या बैठकीचा शब्दशः वृत्तांत लघुलेखकाने टिपून ठेवला होता. तो पन्नास वर्षे सभासदांच्या दृष्टीस पडला नाही. अखेर मॉस्कोच्या दप्तरातून तो हाती आला. १९९० मध्ये पक्षाशी संबंधित प्रकाशनसंस्थेनेच त्याचे पुस्तक केले, आणि दत्त काय म्हणाले, पॉलिट काय म्हणाले, कोणी कसा शब्द फिरवला हे सारे छापून आले. त्या पुस्तकाच्या दोन संपादकांपैकी एक होते जॉर्ज मॅथ्यूज, ज्यांनी १९५६ मध्ये थॉम्प्सन यांना ते कडक उत्तर लिहिले होते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९९१ मध्ये, पक्षाने अधिवेशन घेऊन स्वतःला विसर्जित केले.